रायगडावरचा वाडा

आज बचतीचं नाही, कर्जाच्या हप्त्याचंही नाही. आज एका घराबद्दल बोलायचं आहे. हे घर साधंसुधं नव्हतं, मोठा वाडा होता, आणि तो गावात नव्हता, डोंगराच्या माथ्यावर होता. समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंचीवर. आज तो वाडा नाही. त्याची जोती आहेत, पायऱ्या आहेत, न्हाणीची आणि सांडपाण्याची जागा आहे, पण वर भिंत नाही, खांब नाही, छप्पर नाही. मी रायगडाबद्दल बोलते आहे, हे तुम्ही ओळखलंच असेल.

आपल्या गटांच्या सहली रायगडावर जातात. मी सहयोगिनी म्हणून तीन-चार वेळा बायांना घेऊन गेले आहे. दर वेळी कुणीतरी एक ताई वर पोहोचल्यावर, धाप लागलेली असताना, इकडे तिकडे बघून विचारते, "अगो, पण राजवाडा खंय आहे?" आणि बाकीच्या हसतात. मला तो प्रश्न हसण्यासारखा वाटत नाही. तो बरोबर प्रश्न आहे. एवढं मोठं राज्य जिथून चाललं, ते घर गेलं कुठं?

त्याचं उत्तर आधी सांगते, मग मागचं पुढचं सांगते. वाडा लाकडाचा होता. तो १८१८ साली जळाला.

आपल्याकडे जुनी घरं कशी असत, ते आठवा. खाली दगडाचं जोतं. जोत्यावर दगडी तळखडे. तळखड्यावर लाकडी खांब, खांबावर तुळया, वर पाटाई. भिंती खांबांच्या मध्ये. माझ्या आजीच्या घराला असे खांब होते. त्यांना दर पावसाळ्याआधी तेल लावायचं काम आम्हा पोरींचं. रायगडावरचा वाडाही या रीतीनेच उभा होता, फक्त माप मोठं. महाराजांच्या राजभवनाचा चौथरा ८६ फूट लांब आणि ३३ फूट रुंद आहे. जिथे सिंहासन होतं ती राजसभा २२० फूट लांब, १२४ फूट रुंद. आता या आकड्यांवरून काही डोळ्यांपुढे येत नाही. म्हणून मी बायांना सांगते, पावलांनी मोजा. एका टोकाला एकीने उभं राहायचं, दुसरीने चालत जायचं. राजसभा चालून झाली की कुणी पुन्हा "राजवाडा कुठे" असं विचारत नाही.

लाकूड गेलं आणि दगड उरला. म्हणून देवळाचं उलट झालं. गडावरचं जगदीश्वराचं देऊळ दगडी, ते आजही उभं आहे. त्या देवळाजवळ संस्कृत शिलालेख आहे, त्यात गडावर काय काय बांधलं त्याची यादी दिली आहे. विहिरी आहेत, तळी आहेत, बागा, रस्ते आहेत, आणि राजाचं घरही आहे. बांधकाम बघणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं नाव तिथल्या पायरीवर कोरलेलं आहे. म्हणजे ज्याने घर बांधलं त्याचं नाव दगडावर आहे. जिने ते घर चालवलं तिच्याकडे मी थोड्या वेळाने येते.

आधी घर नीट बघून घेऊ. गडावर चढून गेलं की हत्ती तलाव लागतो आणि पुढे गंगासागर. गंगासागराच्या काठाला ते दोन उंच मनोरे. त्यांच्या बाजूने भिंतीतून ३१ पायऱ्या वर जातात, तो पालखी दरवाजा. त्यातून आत शिरलं की आपण बालेकिल्ल्यात, म्हणजे वाड्यात आलो. पलीकडच्या टोकाला मेणा दरवाजा. मेण्यातून राण्यांची ये-जा तिथून व्हायची, असं नावावरूनच कळतं. या दोन दरवाजांच्या मध्ये उजव्या हाताला एका रांगेत महालांची जोती दिसतात. तो राणीवसा. समोर डाव्या हाताला दासदासींच्या घरांचे अवशेष. माणसं इथे बहुतेक थांबत नाहीत, राजसभेकडे पळतात, फोटो काढायचे असतात ना. तुम्ही थांबा. राणीवशाच्या महालांना शौचकूपाची सोय केलेली दिसते, आणि सांडपाणी बाहेर जायला वाट. साडेतीनशे वर्षांपूर्वी, डोंगराच्या डोक्यावर! आपल्या गावांत हागणदारीमुक्तीच्या सभा घेताना आम्हाला पुरुषमंडळींशी किती वाद घालावे लागले ते मला विचारा. एकदा एका सरपंचांना मी म्हटलंही होतं की दादा, तुम्ही एकदा रायगडाचा राणीवसा बघून या.

आणि पाणी. कोकणात पाऊस धो धो पडतो आणि मार्चमध्ये हंडा घेऊन वणवण सुरू होते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. गडावर नदी नाही. जे आहे ते पावसाचं, साठवलेलं. गंगासागर, कुशावर्त, हत्ती तलाव, कोळीम तलाव, आणि खडकात खोदलेली टाकी. पावसाळ्यात साठवायचं आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत पुरवायचं. राजा, राण्या, कारकून, पहारेकरी, घोडी, आणि हत्तीसुद्धा. हत्ती तलाव गळत होता म्हणून कितीतरी वर्षं कोरडा होता. अलीकडे गळती काढली आणि तो पुन्हा भरला. तळ्याची गळती काढणं हे काम दिसत नाही, पण ते झालं नाही तर वाडा कितीही भारी असला तरी मे महिन्यात रिकामा करावा लागला असता.

हत्तींवरून आठवलं. १६७४ साली महाराजांच्या राज्याभिषेकाला मुंबईहून हेन्री ऑक्झेंडेन नावाचा इंग्रज वकील आला होता. त्याने वर जे पाहिलं ते लिहून ठेवलं. दारात दोन हत्ती आणि दोन घोडे उभे. रस्ता इतका अवघड, मग ही जनावरं वर आणली कशी, याचं त्याला कोडं पडलं. आपल्याकडे सांगतात की हत्ती पिल्लं असतानाच वर आणले. त्याच्या मंडळींची एक गंमतही लिहिलेली आहे, ती मला फार आवडते. या इंग्रजांना रोज बकऱ्याचं मटण लागायचं. गडावर मटण खाणारे थोडे. जो खाटीक मटण पुरवत होता तो म्हातारा होता. एवढं गिऱ्हाईक त्याला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. हे खाणारे आहेत तरी कोण, ते बघायला तो म्हातारा मुद्दाम गड चढून वर आला! राज्याभिषेकाच्या वर्णनात सोन्याचा तराजू, सिंहासन, भाले, सगळं आहे, पण मला त्या खाटकाचे पाय आठवतात.

तो राज्याभिषेक ६ जून १६७४ ला झाला. सोयराबाई पट्टराणी म्हणून शेजारी होत्या. जिजाऊ तो सोहळा बघायला होत्या. त्यानंतर अकराच दिवसांनी, १७ जूनला, खाली पाचाडच्या वाड्यात त्या गेल्या. गडावरची थंड हवा आणि वारा त्यांना सोसेना म्हणून पाचाडला त्यांच्यासाठी वेगळा वाडा बांधला होता, हे तुम्हाला माहीत आहेच. त्या वाड्याचीही आज जोती आणि तटच आहे.

महाराज ३ एप्रिल १६८० ला रायगडावरच गेले. पुढे संभाजीराजे गादीवर आले. आणि आता मी त्या बाईकडे येते.

रायगड म्हटलं की आपल्याला बाई कोण आठवते? हिरकणी. दूध विकायला आली, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून कडा उतरून गेली. आपल्या सगळ्या पोरांना ही गोष्ट पाठ आहे. शाळेच्या गॅदरिंगला दरवर्षी कुणीतरी हिरकणी होतंच. गोष्ट चांगली आहे, माझीही आवडती आहे. पण त्याच गडावर येसूबाईंनी जे केलं ते किती जणींना सांगता येईल? मी एकदा ग्रामसंघाच्या बैठकीत विचारलं होतं. बत्तीस बायांमध्ये चौघींनी नाव ऐकलं होतं, आणि त्यातल्या दोघींनी मालिकेत पाहिलं होतं.

येसूबाई म्हणजे शृंगारपूरच्या शिर्क्यांची मुलगी, संभाजीराजांची पत्नी. राजे मोहिमेवर असत तेव्हा मागे कारभार बघण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता, आणि त्यांच्या नावाचा स्वतंत्र शिक्का होता. "श्री सखी राज्ञी जयति" असं त्या शिक्क्यावर होतं. आता बघा, आपल्या गटात अध्यक्ष आणि सचिव यांच्या सह्या लागतात तेव्हा बँकेतून पैसे निघतात. किती घरांतून त्या सहीवरून कुरबुर झाली, ते आपल्याला माहीत आहे. बाईने सही करायची, बाईच्या सहीने पैसा हलायचा, हे अजून काही घरांना पचत नाही. आणि इथे वाड्यातल्या बाईच्या शिक्क्याने राज्याचा हुकूम निघत होता. शिक्का नुसता शोभेचा नव्हता, ते पुढच्या एका वर्षात कळलं.

१ फेब्रुवारी १६८९ ला संभाजीराजे संगमेश्वरला पकडले गेले. बातमी गडावर आली. विचार करा, वाड्यात कोण कोण होतं. येसूबाई. त्यांचा मुलगा शाहू, सात वर्षंही पूर्ण नव्हती. हा शाहू आपल्याच भागातला बरं का, माणगावजवळच्या गांगवलीला जन्मलेला. आणि धाकटे दीर राजाराम, एकोणीस वर्षांचे, त्यांच्या बायका. सावत्रपणाचा जुना वाद घरात होऊन गेलेला. राजाराम तोवर नजरकैदेतच होते म्हणा ना.

सरळ हिशोबाने बघितलं तर वारस कोण? येसूबाईंचा मुलगा. कुठल्याही घरात असा प्रसंग आला तर आई काय म्हणेल, ते आपण बघितलं आहे. सातबाऱ्यावर आधी माझ्या पोराचं नाव लावा. येसूबाईंनी तसं केलं नाही. पोर लहान आहे, राज्य आत्ता चालवायला मोठा माणूस हवा, म्हणून त्यांनी राजारामांना पुढे केलं. ११ मार्चला संभाजीराजांची हत्या झाली. त्याच महिन्यात मोगलांचा वेढा रायगडाला पडला.

मग दुसरा निर्णय. सगळे एकाच वाड्यात राहिले आणि गड पडला तर सगळेच एकदम सापडतील. म्हणून राजारामांनी निघायचं, आणि आपण आणि शाहूने गडावर राहायचं. ५ एप्रिलला राजाराम गडावरून निघाले, पुढे प्रतापगड, पन्हाळा करत ते पार तमिळ मुलुखात जिंजीला पोहोचले, आणि तिथून लढाई चालू राहिली. येसूबाई वाड्यातच. नोव्हेंबरपर्यंत. म्हणजे पूर्ण उन्हाळा आणि पूर्ण पावसाळा. रायगडावरचा पावसाळा! चार महिने ढग घरात शिरतात, कपडा वाळत नाही, चुलीचं लाकूड पेटत नाही. खाली शत्रूचा तळ, वर धान्य किती उरलं त्याचा हिशोब. त्या हिशोबाचे कागद आज माझ्यापुढे नाहीत, पण ज्यांनी दुष्काळात किंवा पुरात घर चालवलं आहे, त्यांना ते न सांगता कळेल. महाडच्या पुरात अडकलेल्या माझ्या बाया आत्ता ऐकत असतील.

३ नोव्हेंबर १६८९ ला गड मोगलांच्या हाती गेला. येसूबाई आणि शाहू कैद झाले. तिथून पुढे सतरा वर्षं औरंगजेबाच्या छावणीबरोबर. छावणी म्हणजे फिरतं शहरच, आज इथे, उद्या तिथे, घर म्हणजे तंबू. बादशहाची मुलगी झीनतुन्निसा हिने या मायलेकांना माया लावली असं इतिहासात आहे. १७०७ साली औरंगजेब वारल्यावर शाहूंना सोडलं, पण येसूबाईंना नाही. मुलगा नीट वागावा म्हणून आईला ओलीस ठेवलं. त्यांना दिल्लीला नेलं. त्या सुटल्या १७१९ साली, बाळाजी विश्वनाथ पेशव्यांबरोबर परत आल्या त्या साताऱ्याला. तीस वर्षं झाली होती. रायगड तेव्हाही मराठ्यांकडे नव्हता. तो परत मिळाला १७३३ साली. म्हणजे ज्या घरातून त्या उठल्या त्या घरात त्या सुटल्या तेव्हा परत जाताच आलं नाही.

मला कुणी विचारलं की हिरकणी मोठी की येसूबाई, तर असला प्रश्नच चुकीचा आहे. पण गॅदरिंगला एखाद्या वर्षी येसूबाई करायला काय हरकत आहे? फक्त एक अडचण आहे. कडा उतरणं स्टेजवर दाखवता येतं. बैठकीत बसून, आपल्या मुलाचा हक्क बाजूला ठेवून निर्णय घेणं कसं दाखवणार? शिक्षकांनी डोकं लढवावं.

पुढच्या शंभर वर्षांचं मी भरभर सांगते. राजधानी साताऱ्याला, मग खरा कारभार पुण्याला. रायगड राखीव घरासारखा झाला. पैसा, दप्तर, कैदी आणि संकटात बायकामुलं ठेवायची सुरक्षित जागा. आपण नाही का, गावातलं जुनं घर बंद ठेवतो आणि काही झालं तर म्हणतो चला गावी, तसं.

आणि तसंच झालं. १८१८ साली दुसरे बाजीराव पेशवे इंग्रजांपुढे पळत होते, तेव्हा त्यांची पत्नी वाराणसीबाई रायगडावर होत्या. कर्नल प्रॉथर फौज घेऊन आला. समोरच्या पोटल्याच्या डोंगरावर तोफा चढवल्या आणि तिथून गडावर मारा सुरू केला. गोळे पडले, आग लागली. मे महिना. मे महिन्यात डोंगरावरचं गवत कसं असतं, लाकूड कसं सुकून खडखडीत झालेलं असतं, आणि वारा कसा असतो. तळ्यांत पाणीही तळाला गेलेलं. तेल पाजलेले दीडशे वर्षांचे खांब. वाडा जळाला, आजूबाजूची घरं जळाली. १० मे १८१८ ला गड इंग्रजांना दिला. वाराणसीबाई त्या आगीतून वाचल्या. इंग्रजांनी त्यांना गडावरून जाऊ दिलं. बाजीराव ३ जूनला शरण गेले.

एकाच वाड्यातून सव्वाशे वर्षांच्या अंतराने दोन बाया अशा बाहेर पडल्या. दोघींचे नवरे तेव्हा जवळ नव्हते. एकीला आधी ठरवता आलं, दुसरीला ठरवायला कुणी विचारलंच नसावं, असं मला आपलं वाटतं.

नंतर गडावर झाडी वाढली. लोक वर जायचे बंद झाले. महाराजांची समाधीसुद्धा रानात गेली. मग महात्मा फुल्यांनी, पुढे लोकमान्य टिळकांनी लोकांचं लक्ष इकडे वळवलं; १८९६ साली गडावर उत्सव झाला, १९२६ च्या सुमारास समाधीचं बांधकाम झालं. तेव्हापासून लोक येतच आहेत. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात रायगड आहे. आपल्या पाचाडच्या, हिरकणीवाडीच्या बाया गडावर ताक आणि पिठलं-भाकरी विकतात, त्यांच्या दृष्टीने याचा अर्थ गिऱ्हाईक वाढणार आणि कचराही वाढणार. दोन्ही आत्तापासून धरून चाला.

काही वर्षांपूर्वी गडावर पुन्हा खोदकाम सुरू झालं. माती काढली की खाली घरांची जोती निघतात, कौलं निघतात, नाणी, भांड्यांचे तुकडे निघतात. २०२१ च्या एप्रिलमध्ये अशाच एका वाड्याच्या जागी सोन्याची बांगडी सापडली. मी फोटो पाहिला आहे. आपल्या हातात आज असते तशीच, गोल, नक्षीची. कुणाची, ते कुणाला सांगता येत नाही. राणीची म्हणतात लोक, पण राण्यांशिवायही त्या गडावर कितीतरी बायका राहत होत्या. घाईत निसटली असेल, कुणी लपवून ठेवली असेल, आगीच्या दिवशी हातातून गेली असेल. आमच्या गटातली एक मावशी म्हणाली, "ती बाई नंतर कितीदा शोधत बसली असेल गो."

तर मैत्रिणींनो, जानेवारीत जिजाऊ जयंतीच्या सुमारास बऱ्याच गटांची सहल ठरते. महाडहून पाचाड साधारण पंचवीस किलोमीटर. पायऱ्या चौदाशेच्या वर आहेत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी उगाच हट्ट करू नये, रोपवे आहे. पहाटे निघा, उन्हाच्या आत वर पोहोचा. पाणी प्रत्येकीने आपलं आपलं घ्या. वर गेल्यावर पालखी दरवाजाने आत शिरा आणि राजसभेत जायच्या आधी राणीवशाशी थांबा. जोत्यावर बसून जेवू नका, खरकटं टाकू नका, ते कुणाचं तरी घर आहे. उतरल्यावर पाचाडला जिजाऊंच्या समाधीला जा, आणि तिथल्या वाड्यातली तक्क्याची विहीर बघा. विहिरीच्या काठाला दगडाचाच तक्क्या केलेला आहे. पाणी भरायला येणाऱ्या बायांशी बोलायला तिथे बसत, असं गावात सांगतात. आम्ही गेलो तेव्हा आमच्या तिघी-चौघी तिथे टेकून बसल्या आणि पुढच्या महिन्याच्या बैठकीची तारीख तिथेच ठरली.